छत्री तीच, बॉक्स तिसरा: डीटीएचचं सामान वारंवार का जळतं, ते कसं शोधायचं

दीड वर्षात तीन एलएनबी (छत्रीच्या पुढच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा छोटा डबा), दोन सेट टॉप बॉक्स, आणि अ‍ॅडॉप्टर किती ते आता आठवतही नाही. हा आमच्या गावच्या घराचा हिशेब. घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून पायी दहा मिनिटांवर. दर वेळी कंपनीचा मुलगा यायचा, छपरावर चढून नवीन एलएनबी लावायचा, खाली येऊन सिग्नल दाखवायचा, पैसे घ्यायचा आणि जाताना म्हणायचा, "काका, जास्त लाईट आली असणार." चौथ्या वेळी तो चपला घालत होता तेव्हा आईच म्हणाली, "जास्त लाईट आली असणार, हो ना रे?"

जास्त लाईट आली नव्हती. निदान प्रत्येक वेळी तरी नाही. शेवटी तालुक्याच्या गावी जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे मेलेलं सगळं सामान पिशवीत घालून घेऊन गेलो. एकही वस्तू न उघडता त्यांनी विचारलं, "काय मेलं ते दिसतंय. कधी मेलं आणि त्याआधी तुम्ही काय करत होतात, ते सांगा." पुढे जे लिहितोय ते बहुतेक त्यांच्याकडून शिकलेलं आहे, उरलेलं चुका करून.

एखादा भाग एकदा जळला तर नशिबाला बोल लावून नवा आणावा. तोच भाग दुसऱ्यांदा जळला, की त्याला कोणीतरी मारतंय असं धरून चालायचं. आणि तो मारणारा सापडेपर्यंत तिसरा नवा भाग लावायचा नाही. टीव्ही चार दिवस बंद राहिला तर राहू दे.

आधी वीज कुठून कुठे जाते ते समजून घ्या

छत्री म्हणजे फक्त आरसा. तिच्यात जळण्यासारखं काही नाही. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून आलेल्या लहरी ती पुढच्या दांड्यावरच्या एलएनबीच्या तोंडात गोळा करते. या लहरी १० ते १२ गिगाहर्ट्झच्या घरातल्या असतात आणि इतकी उंच फ्रिक्वेन्सी साध्या केबलमधून खाली उतरत नाही. म्हणून एलएनबी तिला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवतो आणि मग बॉक्सकडे पाठवतो.

हे काम करायला एलएनबीला वीज लागते. छपरावर वेगळी वायर गेलेली दिसत नाही, कारण ती वीज बॉक्सच त्याच केबलमधून वर पाठवतो. चॅनलप्रमाणे कधी १३ व्होल्टच्या आसपास, कधी १८. म्हणजे एकाच काळ्या केबलमधून सिग्नल खाली येतो आणि वीज वर जाते. नवख्या माणसाला हे कोणी सांगत नाही, आणि इथेच सगळा घोळ होतो. केबल खराब असेल तर ती बॉक्सही मारू शकते आणि एलएनबीही. बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरमधला दोष वर छपरावर जाऊन एलएनबी जाळू शकतो. "एलएनबी गेला" याचा अर्थ दोष छपरावर आहे असा होत नाही.

जळलंय की नुसतं दिसत नाही?

निम्म्या तक्रारींत काहीच जळलेलं नसतं. मुसळधार पावसात चित्र अडकत असेल आणि पाऊस ओसरल्यावर आपोआप येत असेल, तर सामान ठणठणीत आहे. या फ्रिक्वेन्सीला पावसाचे थेंब अडवतात, त्याला इलाज नाही. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबर संपताना किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी दहा ते दुपारी साडेबाराच्या दरम्यान पाच-दहा मिनिटं सिग्नल जात असेल, तर त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. आठवडाभरात थांबतं. रिचार्ज संपणं, व्ह्यूइंग कार्ड सैल होणं, टीव्हीचा रिमोट चुकून दुसऱ्या एचडीएमआयवर जाणं, यांवरही लोकांनी व्हिजिट चार्ज भरलेला मी पाहिला आहे. मी स्वतः एकदा भरलाय.

वादळात छत्री हलली असेल तर तेही जळणं नव्हे. महाराष्ट्रातून पाहिलं तर आपल्याकडच्या छत्र्या साधारण आग्नेयेकडे बघतात, पण सगळ्यांचं तोंड एका जागी नसतं. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्वेला, डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ ९३.५ अंशांवर, एअरटेलचा १०८.२ अंशांवर. त्यामुळे शेजाऱ्याच्या छत्रीकडे बघून आपली फिरवण्याआधी त्याची कंपनी कोणती ते विचारा. आमच्या वाडीत एकाने शेजारधर्माने दुपारभर छत्री फिरवली होती. दोन कंपन्या, दोन उपग्रह. संध्याकाळी दोघांचं बोलणं बंद.

मेनूमध्ये सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ बरी आणि क्वालिटी शून्य असेल तर बहुधा छत्रीची दिशा चुकली आहे. दोन्ही शून्य असतील तर एलएनबीपर्यंत वीजच पोचत नसेल, किंवा एलएनबी मेला असेल.

वही घाला

हसू नका. शंभर पानी वही घ्या आणि मागची जितकी प्रकरणं आठवतील तितकी लिहा: तारीख, काय गेलं, आदल्या रात्री पाऊस होता का, विजा होत्या का, लाईट गेली होती का, आणि त्या दिवशी कोणी केबल काढली-लावली का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो कोणी विचारत नाही.

लिहिलं की नमुना दिसू लागतो. फक्त अ‍ॅडॉप्टर जात असेल आणि तेही लाईट परत आल्याच्या दिवशी, तर संशय घरच्या विजेवर. बॉक्स चालू होतो, मेनू दिसतो, पण चांगल्या एलएनबीवरही सिग्नल घेत नाही, तर बॉक्सची केबलकडची बाजू मेली आहे: केबलमध्ये शॉर्ट, नाहीतर केबलमधून आलेला झटका. बॉक्सचं किंवा टीव्हीचं एचडीएमआय पोर्ट जात असेल तर अर्थिंगकडे बघा. नुसता एलएनबी जात असेल तर पाणी, विजा किंवा चालू बॉक्सला केबल लावण्याची सवय. आमच्याकडे हे तिसरं होतं, पाणीही होतं. ते पुढे येतंच.

मीटर घ्या, पण भिंतीतल्या सॉकेटपासून लांब राहा

दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. केबलमधली वीज कमी दाबाची असल्यामुळे तिथे मोजमाप घरच्या माणसाला करता येतं. सॉकेटच्या आत, बोर्डाच्या आत काय आहे ते वायरमनला पाहू द्या. ओल्या छपरावर कोणीही चढायचं नाही.

पहिलं मोजमाप अ‍ॅडॉप्टरचं. त्याच्या पाठीवर १२ व्होल्ट, दीड किंवा दोन अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि पिन तपासा. मोकळ्या अ‍ॅडॉप्टरने १२ दाखवले म्हणजे तो निर्दोष, असं मात्र समजू नका. आतला कपॅसिटर फुगलेला असेल तर मोकळा असताना तो १२ दाखवतो आणि बॉक्सचा भार पडला की ९ वर येतो. मग बॉक्स चालू-बंद, चालू-बंद करत राहतो आणि बदनाम होतो बॉक्स. दुसरा चांगला अ‍ॅडॉप्टर लावून पाहणं हीच खरी परीक्षा. बदली घेताना व्होल्ट तेच हवेत, पिनचं धन-ऋण तेच हवं. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. बाजारातले हलके, वजनच नसलेले अ‍ॅडॉप्टर घेऊ नका. हातात घेतल्यावर कळतं.

दुसरं मोजमाप बॉक्सच्या मागच्या केबलच्या तोंडाचं. केबल काढा, बॉक्स चालू करा, मीटरची एक काडी मधल्या छिद्रात, दुसरी बाहेरच्या आट्यांच्या कड्यावर. दोन्ही काड्या एकमेकींना टेकू देऊ नका. १३च्या आसपास किंवा १८च्या आसपास आकडा आला तर बॉक्स वर वीज पाठवतोय. शून्य आलं तर सेटिंगमध्ये एलएनबी पॉवर बंद आहे का ते पाहा. तीही चालू असेल तर बॉक्सचा तो भाग गेला.

तिसरं मोजमाप केबलचं, आणि ते कोणीच करत नाही. बॉक्स बंद, केबल दोन्ही टोकांनी सुटी. मीटर ओहमवर. खालच्या टोकाला मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात मोजा: आकडा येताच कामा नये. काही हजार ओहमसुद्धा दाखवत असेल तर आत पाणी शिरलंय. शून्याच्या जवळ दाखवत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. आता कोणाला तरी वरच्या टोकाला मधली तार आणि जाळी छोट्या वायरने जोडायला सांगा आणि खाली परत मोजा. पंधरा-वीस मीटरच्या चांगल्या केबलला दोन-चार ओहम यायला हवेत. वीस-तीस ओहम आले तर जोड गंजलेत किंवा जाळी खाल्ली गेली आहे. आमच्याकडे एकतीस आले होते, आणि त्याच केबलवर तीन नवे एलएनबी लागून गेले होते.

पाणी

कोकणात निम्मी प्रकरणं इथेच संपतात. देशावर जरा कमी, पण तिथेही पावसाळा असतोच.

पाणी केबलमध्ये शिरतं कसं? एलएनबीच्या खाली जिथे केबल आट्यांनी बसते, तो एफ-कनेक्टर. त्याच्यावर बसवणारा काळी इन्सुलेशन टेप गुंडाळतो. दोन उन्हाळ्यांत टेपचा गोंद वितळून चिकट पाघळ होतो आणि टेप सुटते. मग पावसाचं पाणी जाळीत शिरतं. जाळी म्हणजे वातच: दिव्यातल्या वातीत तेल चढतं तसं जाळीतून पाणी पुढे पुढे सरकतं. तीन मीटर आत गेलेलं मी स्वतः कापून पाहिलंय. तांब्याचा रंग हिरवट, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी. समुद्राजवळ हवेतला खार हेच काम दुप्पट वेगाने करतो.

गंजलेल्या जोडाचा विरोध वाढतो, एलएनबीपर्यंत वीज कमी पोचते, तो धापा टाकत चालतो. ओलाव्यामुळे थोडी वीज मधल्या तारेतून जाळीकडे गळते, तेव्हा बॉक्स जादा भार उचलत राहतो. यातलं काही लगेच दिसत नाही. दिसतं ते चार महिन्यांनी, "बॉक्स गेला" म्हणून.

उपाय असा. कनेक्टर कापून टाका आणि केबल तसू-तसूने कापत जा, जाळी स्वच्छ चमकेपर्यंत. फूटभर कापूनही काळीच येत असेल तर वाद घालू नका, सगळी केबल बदला. आरजी-६ जातीची, ७५ ओहमची, बाहेरून काळ्या आवरणाची घ्या. पांढरी केबल घरात शोभते, पण उन्हात तडकते. शक्य तर छतापासून बॉक्सपर्यंत मध्ये एकही जोड नको. नवीन कनेक्टर पिळून बसवायचा नाही, पक्कड-प्रेसने दाबून बसवणारा वापरा. वरून स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी बाहेरून ओघळतं. त्यावर उन्हापासून आडोसा म्हणून साधी काळी टेप.

आणि वळण. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथून खाली गळतील. एलएनबीच्या खालीही तसंच. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला खाली उतरतं हवं. आमच्याकडे ते आत उतरतं होतं, आणि पाणी केबलवरून ओघळत थेट बॉक्सच्या पाठीवर येत होतं. दोन बॉक्स त्यात गेले.

एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपीही बघा. तीन-चार उन्हाळ्यांत ती तडकते. तडकलेल्या टोपीतून पाणी आत गेलं की एलएनबी सकाळी बंद, दुपारी ऊन पडल्यावर चालू, असा खेळ करतो. असा खेळ दिसला तर दुसरीकडे शोधत बसू नका. कधी कधी त्या तोंडावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं असतं. ते निघालं की सिग्नल परत.

एक केस आणि चालू बॉक्स

कनेक्टर बसवताना जाळीचा एखादा केसाएवढा धागा मधल्या तारेला टेकला तर बॉक्सची वर जाणारी वीज शॉर्ट होते. चांगले बॉक्स पडद्यावर एलएनबी ओव्हरलोड असं काहीतरी दाखवून गप्प बसतात. स्वस्त बॉक्स एकदा सोसतात, दोनदा सोसतात, तिसऱ्यांदा नाही. कनेक्टरमध्ये डोकावून पाहा: मधोमध एकच तार, सभोवती स्वच्छ पांढरं. चष्मा लावून पाहा.

आता ते, ज्यामुळे आमचे एलएनबी गेले.

बहुतेक बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर दोन पिनांचा असतो, त्याला अर्थिंगची पिन नसते. त्याच्या आत विजेतला गोंगाट (नॉइज) गाळण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी बारीक प्रवाह गळतो. त्यामुळे कशालाच न जोडलेल्या बॉक्सचं धातूचं कडं जमिनीच्या तुलनेत शंभर व्होल्टच्या वर तरंगत असतं. टेस्टर लावला तर मिणमिणतो, ओल्या पायाने हात लागला तर मुंग्या येतात. माणसाला सहसा इजा होत नाही. पण छत्री जर लोखंडी खांबावर किंवा जमिनीत गाडलेल्या पाईपवर असेल, तर ती चांगली जमिनीशी जोडलेली असते. अशा वेळी अ‍ॅडॉप्टर चालू ठेवून केबल लावली की मधली तार आधी टेकते, बाहेरचं कडं नंतर आट्यांवर फिरतं. त्या क्षणात तो सगळा फरक एलएनबीच्या पोटातून जातो. एक बारीक ठिणगी. दहा वेळा काही होत नाही, अकराव्या वेळी होतं.

आमची छत्री विहिरीच्या पंपाच्या, छपरापर्यंत चढलेल्या जुन्या लोखंडी पाईपवर होती. आणि आई, विजांना घाबरून, ढग गडगडले की केबल काढायची. पाऊस थांबला की परत लावायची. बॉक्स? तो रिमोटने बंद. रिमोटने बंद केलेल्या बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर चालूच असतो, आणि बरेच बॉक्स तशा झोपेतही एलएनबीला वीज पाठवत राहतात. म्हणजे एलएनबी विजेने जात नव्हते, विजेपासून वाचवताना जात होते. दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी हे सांगितलं तेव्हा मी आईकडे पाहिलं नाही.

म्हणून क्रम पाठ करा. काढताना: भिंतीवरचं बटण बंद, अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून बाहेर, मग केबल. लावताना उलट: आधी केबल, मग अ‍ॅडॉप्टर, शेवटी बटण. एचडीएमआयलाही हाच नियम. टीव्हीचा प्लगही त्या वेळी काढलेला बरा.

अर्थिंग

सॉकेटला तिसरं, मोठं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं नाही. जुन्या घरांत त्या भोकाच्या मागे वायरच नसते. वायरमनला बोलवा आणि दोन आकडे मागा: फेज ते अर्थ सुमारे २३० यायला हवं, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तो "आहे हो, आहे" म्हणाला तरी आकडा दाखवायला सांगा.

अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. जांभ्याच्या कातळात तर कोरडा खड्डा असून नसल्यासारखाच. छत्रीचा खांब जाड तांब्याच्या तारेने घराच्या त्याच अर्थला जोडून घ्या. छत्रीसाठी वेगळी सळई ठोकून ती घराच्या अर्थपासून सुटी ठेवू नका, कारण दोन अर्थांमधला फरक मग तुमच्या केबलमधून वाहतो. केबल घरात शिरते तिथे तिचं बाहेरचं कडं अर्थला जोडणारा छोटा धातूचा ठोकळा मिळतो, तो बसवला तर उत्तम. बसवणारे बसवत नाहीत. वेळ जातो.

लाईट

आता त्या मुलाच्या वाक्याकडे येऊ. जास्त लाईट खरोखरच येते. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी) किंवा खांबावर न्यूट्रल सैल झाली किंवा तुटली, की तीन फेजमधला तोल जातो आणि एखाद्या घरात २३०च्या जागी तीनशेच्या वर दाब चढतो. सगळ्यात वाईट अवस्थेत तो ४००कडे सरकतो. ओळख सोपी आहे: तुमचे बल्ब अचानक लख्ख आणि पंखा सुसाट, शेजाऱ्याकडे मात्र मिणमिण. असं दिसलं की विचार न करता मेन स्विच खाली ओढा आणि १९१२ वर महावितरणला तक्रार करा. अशा वेळी टीव्हीच्या बॉक्सची काळजी नंतर, आधी फ्रिज.

दाब कमी होण्याने बॉक्स सहसा मरत नाही. अ‍ॅडॉप्टर बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात. त्यांना मारतो तो वरचा दाब आणि लाईट परत येतानाचा धक्का. गेलेली लाईट येताना सगळ्या गावाचे पंप, फ्रिज एकदम सुरू होतात आणि दाब दोन-चार मिनिटं हिंदकळतो. लाईट गेली की टीव्हीचं बटण बंद करा, आल्यावर दहा मिनिटं थांबा. फुकटातला उपाय, म्हणून कोणी करत नाही.

विकतचे उपाय तीन आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका गिळतो, पण आतला भाग प्रत्येक झटक्याने झिजतो. पाच वर्षं जुना स्पाइक गार्ड ही नुसती एक्स्टेन्शन बोर्डाची पट्टी समजा. अर्थिंग नसेल तर तसाही तो अर्धाच काम करतो. स्टॅबिलायझर दाब वर-खाली करतो, झटका अडवत नाही. न्यूट्रल तुटण्यावर खरा उपाय म्हणजे दाब ठरावीक आकड्यावर गेला की वीज तोडणारा आणि काही मिनिटांनी जोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर. एकच काही घ्यायचं असेल तर मी हा घेईन, आणि घराच्या मेन बोर्डावर लावून घेईन.

आकाशातली वीज

थेट पडलेल्या विजेपासून काहीही वाचवत नाही. अर्थिंग नाही, स्पाइक गार्ड नाही. पण बहुतेक सामान थेट विजेने जात नाही, शे-दोनशे मीटरवर पडलेल्या विजेने तारांमध्ये उठलेल्या झटक्याने जातं. त्यासाठी दोन्ही वाटा तोडायला हव्यात, लाईटची आणि केबलची. नुसता प्लग काढून केबल लावलेली ठेवली तर अर्धीच दारं बंद केली.

महाराष्ट्रात याचे दिवस ठरलेले आहेत: एप्रिल-मेच्या वळवापासून मृग लागेपर्यंत, आणि मग परतीचा पाऊस. या दिवसांत दुपारी ढग दाटू लागले की गडगडाट जवळ येण्याआधीच सगळं काढून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं; ते आईच्या फोनवर घालून दिलंय. वीज डोक्यावर कडाडायला लागल्यावर केबलला हात लावू नका. तेव्हा बॉक्स जाऊ दे.

छत्री घराच्या सगळ्यात उंच टोकावर असण्याची गरज नसते. आग्नेयेकडचं आकाश मोकळं असेल तर अंगणातल्या भिंतीवरही ती चालते. वानरांचा त्रास असेल तर तिथे जास्तच, पण राखण करता येते.

उरलेलं, थोडक्यात

बॉक्स गरम होतो. त्याच्यावर विणलेला रुमाल, त्यावर गणपतीची मूर्ती, आणि हे सगळं अँप्लिफायरवर, अशी रचना अनेक घरांत असते. रुमाल काढा, गणपतीला दुसरी जागा द्या. बॉक्सच्या भोकांतून झुरळं आणि पालीची पिल्लं आत जातात. आतल्या सर्किट बोर्डावर पाल चिकटून मेलेला बॉक्स मी पाहिलाय. भोकं बंद करू नका, बॉक्स भिंतीवर उंच लावा.

एका छत्रीवर दोन टीव्ही हवे असतील तर दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन केबली घ्या. एका केबलवर साधा केबल टीव्हीचा स्प्लिटर टाकू नका. दोन बॉक्स वीज एकमेकांच्या अंगावर पाठवतात आणि एकाचा तरी बळी जाऊ शकतो.

माणूस बोलावताना

तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक वहीत लिहा. जुना भाग परत मागा. तो तुमचाच आहे, आणि आतून ओला आहे की काळा पडलाय हे उघडून पाहण्यातच उत्तर असतं. नवीन लावण्याआधी केबल मोजायला सांगा. "केबल ठीक आहे" हे मोजून म्हणतोय की बघून, ते विचारा. बॉक्स कंपनीच्या मालकीचा असेल किंवा वॉरंटीत असेल तर स्वतः स्क्रू उघडू नका. आणि कंपनी दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आमच्याकडे शेवटी काय केलं: केबल सगळी बदलली, भिंतीतलं भोक बुजवून बाहेर उतरतं नवीन पाडलं, खांब अर्थला जोडला, अर्थच्या खड्ड्यात आई आता भांडी विसळलेलं पाणी घालते. टीव्हीच्या बटणाजवळ भिंतीवर तिच्या अक्षरात कागद चिकटवलाय: "आधी बटण, मग पिन, मग केबल." तिसऱ्या ओळीत तिने स्वतःहून भर घातली आहे: "लावताना उलटं. घाई नको." वहीतली शेवटची नोंद दोन पावसाळ्यांपूर्वीची आहे.